सोनेरी मुलामा आणि न दिसणारा मुहूर्त

आज सायंकाळी धाकट्या दिरांसोबत पुतणीच्या लग्नाची पत्रिका निवडण्यासाठी सोलापूरच्या नव्या पेठेत गेले होते आणि घरी आल्यापासून डोके शांत झालेले नाही. दुकानदाराने पुढ्यात मांडलेल्या बहुतेक नमुन्यांवर फिकट बदामी कागदावर सोनेरी फॉइलची बारीक अक्षरे होती आणि ट्यूबलाइटच्या उजेडात ती अशी चकाकत होती, की मुहूर्ताची ओळ वाचण्यासाठी मला पत्रिका कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलती करावी लागत होती. "हल्ली सगळे हेच नेतात," हे वाक्य मात्र त्याने पुन्हा पुन्हा ऐकवले. ज्या शहरातून दाते पंचांग निघते, त्याच शहरातल्या पत्रिकेवर मुहूर्त वाचता येऊ नये, याला काय म्हणावे?

ताईच्या लग्नाच्या वेळी अण्णा मला साखर पेठेतल्या एका छापखान्यात घेऊन गेले होते. ट्रेडल मशीन धडधडत होते आणि कंपोझिटर खणांतून अक्षराचा एकेक खिळा, म्हणजे धातूचा ठसा, उचलून ओळ जुळवत होता. अण्णांनी ओले प्रूफ, म्हणजे तपासायची पहिली प्रत, दाराशी उजेडात नेले, शेवटच्या ओळीपासून वर वाचत गेले आणि आत्याच्या सासऱ्यांच्या नावातला रफार राहिल्याचे त्यांनी नेमके हेरले. तो खिळा बदलून दुसरे प्रूफ हाती येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. "नाव चुकलेला पाहुणा लग्नाला येतो, पण जेवायला बसत नाही," एवढेच ते परतताना म्हणाले.

आज त्या दुकानातल्या एका नमुन्यावर रफाराच्या जागी नुसता सोनेरी ठिपका होता. फॉइलच्या छपाईत तापलेल्या ठशाने चकचकीत पातळ थर कागदावर दाबून बसवतात. त्यात जाड, मोठी अक्षरे देखणी उमटतात, परंतु बारीक रेघ तुटते आणि अक्षरांच्या पोटातली पोकळी भरून जाते. काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे सांभाळणाऱ्या आपल्या लिपीचे मग काय होणार? आणि हे केवळ मराठीपुरते नाही. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक पद्मशाली घरांत तेलुगू मजकूरही छापतात आणि त्या गोल अक्षरांची नाजूक वळणे याहून अधिक जपावी लागतात. लेझरने कोरलेल्या पत्रिकेबद्दल तर मी बोलणारच नाही, कारण तिच्यावरचा मजकूर वाचण्यासाठी मागे गडद कागद धरावा लागतो.

याउलट स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जाळीतून शाईचा जाडसर थर कागदावर बसतो. बोट फिरवले तरी अक्षर जाणवते, आणि गडद कार्डावर फिकी किंवा सोनेरी शाईही दबून जात नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट लागते, वाळवण्यात वेळ जातो आणि खर्चही वाढतो, हे खरे आहे. मोजक्याच प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई स्वस्त पडते, हेही मान्य. व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठवली की काम भागते म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की संक्रांतीच्या दिवसांत संमती कट्ट्यावर होणाऱ्या, सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता सोहळ्याला अवघे सोलापूर बिनपत्रिकेचे जाते. पण तो मान सिद्धरामेश्वरांचा आहे, आपल्या घरच्या कार्याचा नव्हे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आमचे मामंजी आजही प्रत्येक पत्रिका खिडकीशी नेऊन स्वतः वाचतात. ती त्यांना नातवंडांकडून वाचून घ्यावी लागली, तर निमंत्रण नेमके कोणाला दिले? त्या दुकानात अण्णा असते, तर तो रफार जागेवर येईपर्यंत त्यांनी दुकानदाराला शटर ओढू दिले नसते. मी निमूटपणे उठून आले, याचाच राग अधिक येतो आहे.

एवढे लिहीपर्यंत पुतणीचा फोन येऊन गेला. तिला चमक हवी आहे आणि लग्न तिचे आहे, माझे नाही. तिचा चेहरा उतरावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. म्हणून मधला मार्ग तिला सुचवला आहे: वरच्या पानावरचा गणपती खुशाल फॉइलमध्ये मोठा, ठसठशीत घ्यावा, आतला सगळा मजकूर मात्र हळदीच्या छटेच्या, बिनचकाकीच्या कागदावर कुंकवाच्या रंगाच्या शाईने स्क्रीनमध्ये छापावा. लॅमिनेशन तर नकोच, कारण चार कोपऱ्यांना लावलेले ओले हळदकुंकू त्यावर ओघळते, आणि पहिली पत्रिका सिद्धेश्वराच्या पायाशी अन् दुसरी तुळजापूरला ठेवायची आहे. "काकू, अक्षरे मोठी चालतील, पण कुंकवाचा रंग जरा गडद घेऊ," असे ती म्हणाली. गडद तर गडद.

तेव्हा सोलापुरातल्या मित्रमैत्रिणींनो, मोबाइलवर चित्र पाठवून "ओके करा" न म्हणता, त्याच कागदावर त्याच शाईचा नमुना छापून हातात देणारा स्क्रीनवाला कोणाच्या माहितीत असल्यास कळवावे. प्रूफ घरी आणून मामंजींना खिडकीशी वाचायला देण्याची सवलत त्याने दिली पाहिजे, एवढी एकच अट आहे.