चागोस मॉरिशसला द्यायचं ठरलं, चागोसच्या माणसांना काय मिळालं?

22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसच्या हवाली करण्याच्या करारावर सह्या केल्या. भारत सरकारने स्वागत केलं. वसाहतवादाचा एक जुना हिशोब चुकता झाला म्हणून मलाही बरं वाटलं. मग करारातल्या अटी वाचल्या आणि तेव्हापासून अस्वस्थ आहे.

1965 साली मॉरिशस ब्रिटनच्या ताब्यात होतं. अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता आणि दिएगो गार्सिया हे चागोसमधलं सगळ्यात मोठं बेट तिला पसंत पडलं. मॉरिशसच्या नेत्यांचं सुरुवातीचं म्हणणं होतं की बेटं मॉरिशसपासून तोडू नका, भाड्याने द्या, आणि बदल्यात अमेरिकेने आमची साखर घ्यावी. सगळा देश उसावर जगत होता, दुसरं मागणार काय? अमेरिकेने साखरेला नकार दिला. त्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन आणि मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांची भेट ठरली. विल्सनच्या सचिवाने भेटीआधी लिहिलेलं टिपण आज उघड आहे. रामगुलाम यांना आशा दाखवून घाबरवायचं, असं त्यात सरळ लिहिलंय. आशा स्वातंत्र्याची, आणि भीती ही की बेटांबाबत शहाणपणाने वागला नाहीत तर ते हुकेल. नोव्हेंबरमध्ये बेटं तोडली गेली. मॉरिशसच्या हातात 30 लाख पौंड पडले. अमेरिकेने ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात 1 कोटी 40 लाख डॉलरची सूट दिली, तीही गुपचूप.

बेटांवर माणसं राहत होती. मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, काही भारतीय मजुरांचेही. क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली भाषा बोलणारी, नारळाच्या मळ्यांत खोबरं काढणारी, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जन्मलेली आणि तिथेच पुरलेली माणसं. ब्रिटनने संयुक्त राष्ट्रांना सांगितलं की हे कंत्राटी मजूर आहेत, कायमची वस्ती नाहीच. 1968 पासून औषधपाण्याला किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीच्या बोटीवर घेणं बंद झालं. 1971 मध्ये दिएगो गार्सियावरची कुत्री खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून वायूने मारली. 1973 पर्यंत सगळी बेटं रिकामी केली. दीड-दोन हजार माणसं मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवली गेली. ना घर, ना काम.

मॉरिशस म्हटलं की आपलं मन लगेच मऊ होतं. तिथली मराठी माणसं, गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी, मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर गेलेले त्यांचे पूर्वज. ही माया खरी आहे, पण तिच्यापायी मॉरिशसच्या सरकारांनी चागोसवासीयांशी काय केलं याकडे आपलं दुर्लक्ष होतं. पुनर्वसनासाठी ब्रिटनने 1972 च्या सुमारास दिलेले साडेसहा लाख पौंड पाचेक वर्षं पडून होते. वाटप झालं तोवर महागाईने त्यातलं बरंचसं खाल्लं होतं. ब्रिटनने 1982 मध्ये आणखी 40 लाख दिले, तेव्हा लिहितावाचता न येणाऱ्यांचे अंगठे घेतले गेले, आणि कागदावर इंग्रजीत होतं की आता परतीचा हक्क मागणार नाही. धरणग्रस्तांचे कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजवायला नको.

पुढे चागोसवासीयांचे नेते ऑलिव्हिये बान्कूल्ट यांनी लंडनच्या कोर्टात 2000 साली परतीचा खटला जिंकला. 2004 मध्ये ब्रिटिश सरकारने राणीच्या हुकमाने, संसदेला वळसा घालून, परतीचा मार्ग पुन्हा बंद केला आणि 2008 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ते उचलून धरलं. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बेटं तोडणं बेकायदा ठरवलं. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 116 देश मॉरिशसच्या बाजूने उभे राहिले, भारतही त्यात होता. एवढ्याशा देशाने दोन बड्या सत्तांना तिथवर खेचत नेलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आणि तरीही करार दोन सरकारांनी बंद दाराआड केला. त्याप्रमाणे दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षं राहणार, त्यासाठी ब्रिटन सरासरी वर्षाला 10 कोटी 10 लाख पौंड देणार. चागोसवासीयांसाठी 4 कोटी पौंडांचा ट्रस्ट. परतीबद्दल एवढंच, की दिएगो गार्सिया सोडून बाकी बेटांवर मॉरिशसला वाटलं तर वस्ती करता येईल. वाटलंच पाहिजे असं बंधन कुठेही नाही. सहीच्या दिवशी पहाटे दोन चागोसवासी बायकांनी लंडनच्या कोर्टातून तात्पुरती स्थगिती मिळवली होती, ती काही तासांत उठली. साठ वर्षांपूर्वी या माणसांना कोणी विचारलं नव्हतं आणि याही वेळी विचारलं नाही. यातला दोष एकट्या ब्रिटनचा नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये भारताने मॉरिशसला मोठं पॅकेज जाहीर केलं. त्यात चागोसच्या सागरी संरक्षित क्षेत्राच्या विकासाला आणि टेहळणीला मदत आहे. माझं म्हणणं इथे आहे. आपला पैसा चागोसच्या समुद्रात जाणार असेल, तर चागोसमधल्याच पेरोस बान्होस आणि सॉलोमन बेटांवर परतू इच्छिणाऱ्यांसाठी धक्का, पिण्याचं पाणी, दवाखाना आणि शाळा यांचा खर्च त्यात नावानिशी लिहिला जावा, आणि परतीची तारीख मॉरिशसकडून मागून घ्यावी. मैत्रीत एवढं मागायचा हक्क आपल्याला आहे. बेटावर जन्मलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत, आणि तारीख ठरायला हवी ती त्यांच्या हयातीतली.