खिळा कुणाचा

डिपॉझिट साठ हजार. भाडं वीस, म्हणजे तीन महिन्यांचं. कर्वेनगरमध्ये तिसरा मजला, वन बीएचके, मालकीणकाकू खालच्या मजल्यावर. आम्ही तिथे तेहतीस महिने काढले, म्हणजे अकरा गुणिले तीन. अकराच का तर म्हणे वर्षाचा करार केला की रजिस्ट्रेशन लागतं म्हणून कुणीतरी हुशार माणसाने ही पळवाट काढली होती, आता महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, रजिस्टर करावंच लागतं, पण अकरा काही सुटत नाही. त्यामुळे दर अकरा महिन्यांनी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी यायचा आणि काकूंचा अंगठा उमटायचा नाही. चाळीस वर्षं भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत म्हणायच्या. मग उजवा, डावा, तर्जनी, तोपर्यंत चहा गार.

तर त्या करारात एक ओळ होती की नैसर्गिक झीज वगळता घर होतं तसं परत द्यायचं. सही करताना ती ओळ कोण वाचतो? घर सोडायच्या आठवड्यात मात्र आम्ही नवराबायको रात्री एक वाजता यावर चर्चा करत होतो की एक्झॉस्ट फॅनवरचा चिकट काळा थर नैसर्गिक आहे की नाही. माझं म्हणणं, फोडणी नैसर्गिक आहे. बायको म्हणाली, फॅन कधीच न पुसणं हा तुझा स्वभाव आहे, स्वभाव म्हणजे नैसर्गिक नव्हे. दीड दिवस गेला. पाती काढून बादलीत गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, मग तारेची घासणी, मग जुना टूथब्रश, आणि शेवटी कळलं की फॅन मुळात क्रीम कलरचा आहे. तेहतीस महिने मी त्याला तपकिरी समजत होतो.

बाथरूमच्या नळांवर बोअरच्या पाण्याचे क्षार बसलेले, पांढरे, दगडासारखे. दुकानदाराने विचारलं साधं लिक्विड देऊ का ऍसिड, मी मर्दासारखं ऍसिड म्हणालो. नळ लखलखले, कबूल. पण थोडं ऍसिड बाथरूमच्या उंबऱ्यावर सांडलं आणि फस्स करून फेस आला. उंबरा मार्बलचा. आता नळावरचा क्षार आणि मार्बल, दोघांची जात कॅल्शियम कार्बोनेटच, ऍसिडला बिचाऱ्याला काय कळणार कुठला मालकाचा आणि कुठला बोअरचा. उंबऱ्याची पॉलिश उडाली आणि मधोमध एक फिकट डाग पडला, साधारण श्रीलंकेच्या आकाराचा.

पण खरा घात खिळ्यांनी केला.

हॉलमध्ये अकरा खिळे होते. त्यातले पाच आधीच्या भाडेकरूचे, हे मी शपथेवर सांगतो, आलो तेव्हा फोटोही काढले होते, पण तो फोन नंतर माठात पडला. सगळे उपटले. भोकात टूथपेस्ट भरा असं सगळे सांगतात, फक्त आमच्याकडे पेस्ट लाल आयुर्वेदिक येते हे भरल्यावर लक्षात आलं, भिंतीला डास मारल्यासारखे अकरा ठिपके. परत उकरलं, लांबी भरली, पॉलिश पेपर मारला. आता फक्त वरून रंग.

रंगाच्या दुकानात विचारलं, पांढरा द्या. तो म्हणाला, पांढऱ्यात कुठला? भिंतीचा नमुना आणा. घरी येऊन सुरीच्या टोकाने कोपऱ्यातून जरासा रंग खरवडायला गेलो तर रुपयाएवढी पापडीच निघून हातात आली. एवढ्याशा भोकांसाठी नवा खड्डा. पापडी उलटी करून बघितली तर वर आमचा पांढरा, खाली पिस्ता, त्याखाली गुलाबी आणि तळाला चुना. दुकानदाराने ती उजेडात धरून शांतपणे विचारलं, यातला कुठला पायजे?

त्याने दिलेला पांढरा भिंतीवर इतका पांढरा दिसला की भिंतीला गोवर आल्यासारखं वाटायला लागलं. म्हणून पूर्ण भिंत रंगवली. मग शेजारची भिंत सुतकात असल्यासारखी दिसायला लागली. दोन रात्रीत हॉल झाला, एका बाजूने बायको एका बाजूने मी, मधे पोरगी झोपलेली, सकाळी तिच्या केसात रोलरचे शिंतोडे.

रविवारी सामान टेम्पोत गेलं आणि काकू इन्स्पेक्शनला आल्या. हातात टॉर्च आणि वही. सगळे नळ सोडले, फ्लश ओढला, बटणं दाबली. एक्झॉस्ट फॅनकडे ढुंकूनही बघितलं नाही. उंबऱ्यापाशी थबकल्या.

"हा असा का रे दिसतोय?"

"घासला काकू."

"कधी नव्हे ते," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मी श्वास सोडला.

मग वही उघडली. रंगाचे दहा हजार वजा. मी म्हणलं काकू, अहो हात लावून बघा, ओला आहे अजून! त्या म्हणाल्या, "हॉल रंगवलास. बेडरूम कुणी रंगवायची?" लाईट बिल येईपर्यंत दोन हजार बाजूला. राहिले अठ्ठेचाळीस. केंद्राच्या 2021 च्या मॉडेल कायद्यात घराला दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घ्यायचं नाही असं लिहिलंय, हे मला त्या क्षणी अगदी जिभेवर आलं होतं, पण मॉडेल कायदा राज्याने घेतल्याशिवाय लागू होत नाही आणि काकू तर राज्याचंही ऐकत नाहीत.

चेकबुक काढलं, पेन काढलं, आणि हॉलच्या भिंतीकडे बघत थांबल्या.

"इथला खिळा कुठाय?"

"कुठला काकू?"

"अरे कॅलेंडरचा. यांनी ठोकलेला. आम्ही इथे राहायचो तेव्हापासूनचा आहे तो. घर होतं तसं द्यायचं लिहिलंय ना?"

अकरापैकी तो नेमका कुठला हे आता देवालाच माहीत. खिळे माझ्या खिशात होते, हातोडी टेम्पोत. समोरच्या वहिनींकडून खलबत्त्यातला बत्ता आणला. काकू मागे उभ्या राहून सांगत होत्या, जरा वर, नाही एवढं नाही, डावीकडे, हां तिथेच. मी बत्ता मारला. पहिल्याच ठोक्याला नवा कोरा पांढरा रंग तळहाताएवढा सुटला आणि आतून पिस्ता दिसायला लागला.

काकूंनी चष्मा कपाळावर घेतला, जवळ आल्या, बोट फिरवलं.

"अगंबाई! हा रंग किती छान होता रे."