आम्हास फोटोत आणू नको

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू आहे, तेव्हा मोहाला तोंड कसं द्यायचं ते एकदा नीट समजून घ्या. मी गेल्या रविवारी एका जाणत्या माणसाकडून शिकलो, तेही फुकट.

पहिलं म्हणजे, सोडायला असा मोह निवडा जो तुम्हाला मुळात नाहीच. डॉक्टरांनी साखर बंद केली असेल तर तीच प्रभूसाठी सोडा. दात गेले असतील तर सुपारी सोडा. मग प्रार्थनासभेत उभं राहून, आवंढा गिळत साक्ष द्या. पुढच्या बाकावरच्या दोन तरी आज्यांनी पदर डोळ्याला लावला पाहिजे.

मोबाइल सोडल्याची साक्ष मोबाइलवरून द्यावी, बाहेरगावच्यांनाही कळते.

प्रभू चाळीस दिवस रानात होता. तुम्ही जाऊ नका, नागपूरचं ऊन वाईट. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवा आणि पुढ्यात बसून मत्तयाचा चौथा अध्याय वाचा. दगडांच्या भाकरी कर, असं सैतान तिथं म्हणतो. आपल्याकडच्या दगडांचं म्हणाल तर 1845 मध्ये इथं आलेल्या मिशनरी हिस्लॉपसाहेबांनी ते गोळा केले, अभ्यासले, भाकर एकाचीही झाली नाही. त्यामुळे या परीक्षेत आपण सगळे पास. दुसरी परीक्षा मंदिराच्या शेंड्यावरून उडी टाकण्याची. आमच्या चर्चच्या छपरावर चढलात तर उडी टाकावी लागणार नाही, थेट आतच पडाल. त्यावर पुढे बोलू. तिसऱ्या परीक्षेत जगातली सगळी राज्यं मिळत होती. आपल्याला फार तर कमिटीतलं एखादं पद मिळतं, आणि ते घ्यायला हरकत नसावी.

मालकाची, पोटीफरची, बायको मोहात पाडायला लागली तेव्हा योसेफ तिच्या हातात वस्त्र सोडून पळाला. तुम्ही पळू नका, निवडणूक जवळ आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्वतःच्या मोहाशी झगडण्यात वेळ घालवू नका. दुसऱ्याच्या मोहावर नजर ठेवा, ते सोपं पडतं. गेल्या रविवारी उपासना आटोपून मी भाच्याला घेऊन सावजीत गेलो. पोरगा पुण्याहून आलेला, तिकडच्या गोडसर रश्श्यानं पार सुकलेला. मटण, तर्री, भाकर समोर आली. मी प्रार्थना करून पहिला घास घेतला आणि नाकातून पाणी यायला लागलं. नेमका तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळी तो मंडळीच्या ग्रुपवर होता. वर वचन, 'देह अशक्त आहे', आणि खाली रडण्याची तीन चिन्हं. दोनशेच्या वर माणसं आहेत ग्रुपवर. कुणी हात जोडले, कुणी 'प्रार्थनेत आठवण ठेवतो' म्हणालं. माझ्या नाकातलं पाणी बऱ्याच जणांना पश्चात्तापाचे अश्रू वाटले.

फोटो काढणारे काका तिथं काय करत होते, असं विचारू नका. मीही विचारलं नाही. हातात पार्सलची पिशवी होती, बुडाशी लाल झालेली.

अहो, रविवार लेंटमध्ये धरतच नाहीत! राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजा, सेहेचाळीस दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास कसला? एवढी वजाबाकी मंडळीची पेटी सांभाळणाऱ्या माणसाला येऊ नये? की वजाबाकी तेवढी येते आणि बेरजेचंच जमत नाही?

आणि वचनं पाठ आहेत याची मिजास कुणाला दाखवता? प्रभूला उडी मार म्हणताना सैतानानंही शास्त्रच सांगितलं होतं, 91 वं स्तोत्र. आपण तेच फ्रेम करून दारावर लावतो. योहानाचा बारावा अध्याय काढा. मरीयेनं प्रभूच्या पायांना सुगंधी तेल लावलं, तेव्हा कोण कळवळलं? तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांना का दिलं नाही, असं कोण म्हणालं? यहूदा, पुढे प्रभूला धरून देणारा. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी, म्हणजे त्याचा हिशेब पक्का होता. आणि योहान लगेच पुढे सांगतो की त्याला गरिबांची पर्वा नव्हती, डबी त्याच्याकडे होती आणि तीत पडेल ते तो चोरून घेत असे.

तुम्ही चोरलं असं मी म्हणत नाही, काका. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण वही कुणी पाहिलेलीच नाही. चर्चच्या छपराच्या पत्र्यांसाठी वर्गणी काढून तीन पावसाळे झाले. माझ्या आईनं पेन्शनमधून दिले, पावती मागितली नाही, उलट अजून थोडे देता आले असते म्हणून हळहळली. मीटिंगमध्ये विचारलं की 'वातावरण आध्यात्मिक ठेवा', दुसऱ्यांदा विचारलं की 'तुमच्यात कडवटपणा आलाय, ब्रदर'. 29 नोव्हेंबर 1970 ला याच गावात सहा चर्चसंस्था एक झाल्या (आमची त्यात नव्हती, ते असो), आणि तुम्हाला एक वही सापडत नाही. काऊन हो?

ताटातला तुकडा दिसतो तुम्हाला. जे तोंडात जातं ते माणसाला विटाळवत नाही, हे प्रभूनं स्पष्ट सांगून ठेवलंय, तरी तुमचा सगळा धर्म मटणापाशी अडलेला. लोकांच्या घामाचा पैसा दाबून बसण्याला मोह म्हणायचं नाही, त्याला 'प्रक्रिया सुरू आहे' म्हणायचं. लाज वाटू द्या थोडी.

आई येत्या रविवारीही तिसऱ्या बाकावरच बसेल, छपराच्या भोकातलं ऊन तिच्या गीतपुस्तकावर पडतं तिथं. वही घेऊन या आणि तिच्या मांडीवर उघडा. फोटो मी काढतो.