मिसो सूप व्हेज असेलच असं नाही

एका लेखात शाकाहारी लोकांनी जपानी रेस्टॉरंटमध्ये मिसो सूप बिनधास्त मागवावं असं म्हटलंय, तिथे जरा थांबा. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट हे बरोबर, पण सूपचं पाणी म्हणजे दाशी, आणि ती बहुतेक वेळा कात्सुओबुशी घालून करतात, म्हणजे धुरावर सुकवलेला मासा, रंध्याने लाकूड तासावं तसा पातळ तासलेला.

मागे आईला पुण्यात एका ठिकाणी घेऊन गेले होते, ती पूर्ण शाकाहारी, वेटर म्हणाला हो हो व्हेजच आहे, वाटीत टोफूचे तुकडे आणि वर कांद्याची पात, तिने दोन घोट घेतले आणि म्हणाली अगं याला सुकटीसारखा वास येतोय. आत विचारायला लावलं तेव्हा कळलं. तिचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून नुसतं व्हेज आहे का विचारू नका, दाशी कशाची ते विचारा. कोंबू म्हणजे समुद्री शेवाळाची किंवा सुक्या शिताके मशरूमची पण दाशी असते, जपानच्या बौद्ध मठांतल्या शोजिन र्‍योरीत, म्हणजे तिथल्या शाकाहारी स्वयंपाकात, तीच वापरतात, आणि चवीला खरंच मस्त लागते. आणि हो, व्हेज टेंपुरासोबतच्या (म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्यांसोबतच्या) सॉसमध्येही बहुतेकदा माशाचीच दाशी असते, तेही विचारून घ्या.