ताट त्याला ओलांडून गेलं

गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या विधीला, माझा धाकटा भाऊ नेहमीसारखाच माझ्याशेजारी गुडघे टेकून बसला. माझं बघून त्यानंही तळवे एकावर एक ठेवून पुढं केले. माझ्या हातावर भाकरीचा तुकडा पडला आणि ताट त्याला ओलांडून पलीकडं गेलं. तो तसाच हात पसरून बसला. शेवटी माय हळूच म्हणाली, "ऊठ लेकरा."

भाऊ 34 वर्षांचा आहे. पेन्शनसाठी सरकारी दवाखान्यात त्याचा बुद्ध्यांक मोजून कार्ड मिळालं, ते ठीक. पण देवाच्या टेबलाशीही मोजमाप?

आमच्यात धर्मशिकवणीची प्रश्नोत्तरं पाठ करून विश्वास कबूल केला की 'दृढीकरण' होतं, आणि मगच हा तुकडा मिळतो. म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांना भेटलो. माणूस प्रेमळ आहे, मायच्या आजारपणात रात्रभर बसले होते. म्हणाले, "त्याचं दृढीकरण झालेलं नाही, प्रश्नोत्तरं त्याला येणार नाहीत. बायबलातलं 1 करिंथ 11:28 वाचा, आधी आत्मपरीक्षा करायला सांगितलीय. त्याला ते कळत नाही हो."

मग दोन महिन्यांचा असताना त्याचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्याला काय कळत होतं?

घरी येऊन तो अध्याय मागून-पुढून वाचला. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं ते पत्र. पौल चिडलाय तो पोट भरलेल्यांवर. करिंथात ज्यांच्याकडं होतं ते आधीच खाऊन-पिऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, 21-22 व्या वचनांत स्पष्ट आहे. आत्मपरीक्षा करायला सांगितलीय ती यासाठी. 33 व्या वचनात तो सांगतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. आणि पुढच्याच अध्यायात, 12:22 ला, शरीराचे जे अवयव अशक्त दिसतात त्यांच्यावाचून चालत नाही.

थांबणं आमच्या घरात कुणाला जमतं, तर ह्यालाच. माय भाकरी थापायला बसली की हा ताटं मांडतो, बोटं मोडून माणसं मोजतो. काका वावरातून आले नसतील तर स्वतःच्या ताटाला शिवत नाही. भुकेनं रडकुंडीला येतो, दारात जाऊन उभा राहतो, पण घास घेत नाही.

देवानं माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला, असं बायबल म्हणतं. ते प्रतिरूप माणसाच्या बुद्धीत शोधायची रीत जुनी आहे, ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितानंही ते तिथंच शोधलं. पण बायबलातलं उत्पत्ती 1:27 काढून बघा, बुद्धीचा शब्दसुद्धा नाही. नर आणि नारी, एवढंच लिहिलंय. आमच्या मंडळीत लहानपणी पाठ केलेली प्रश्नोत्तरं विसरलेली कितीतरी म्हातारी माणसं आहेत. त्यांच्यापुढचं ताट कुणी ओढून नेत नाही, आणि नेऊही नये.

पुढच्या प्रभुभोजनाला मी माझा तुकडा मोडून अर्धा भावाच्या हातावर ठेवणार आहे. पाळकसाहेबांना तसं तोंडावर सांगून आलोय.