फाइल मागितली तर फक्त नाव-पत्ताच मिळतो?

सध्या एक संदेश फिरतोय : ‘युरोपात जीडीपीआरखाली आपली फाइल मागितली, तर नाव, पत्ता, जन्मतारीख एवढंच मिळतं. आपल्याबद्दल कोणी लिहिलेलं मत मिळत नाही.’ जीडीपीआर म्हणजे युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा; त्याखाली एखाद्या संस्थेकडे असलेली आपली वैयक्तिक माहिती मागता येते. संदेशातलं म्हणणं चूक आहे, आणि त्यावर विसंबून कोणी अर्जच केला नाही तर नुकसान त्याचंच.

या कायद्याच्या कलम ४ नुसार ओळखता येणाऱ्या व्यक्तीविषयीची कोणतीही माहिती वैयक्तिकच. मतही त्यात आलं. आयर्लंडमधल्या एका परीक्षार्थीच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २० डिसेंबर २०१७ रोजी स्पष्ट केलं, की त्याची उत्तरं आणि त्यांवरचे परीक्षकाचे शेरे, दोन्ही त्याची वैयक्तिक माहिती आहे. प्रश्न मात्र नाहीत. निकाल जीडीपीआरच्या आधीच्या, १९९५च्या जुन्या निर्देशाखालचा (युरोपीय संघाच्या नियमांखालचा), पण ‘कोणतीही माहिती’ हा व्याख्येचा गाभा आजही तोच आहे.

उलट, ‘अख्खी फाइल जशीच्या तशी मिळते’ हेही खरं नाही. नेदरलँड्समधल्या निवास परवान्यांच्या प्रकरणात २०१४ साली याच न्यायालयाने म्हटलं, की अर्जावरच्या निर्णयासाठी अधिकाऱ्याने लिहिलेल्या टिपणातली अर्जदाराची माहिती वैयक्तिक, पण त्यातलं कायदेशीर विश्लेषण तसं नाही. शिवाय इतरांचे हक्क जपण्यासाठी काही मजकूर झाकला जाऊ शकतो.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच मंडळींना हा खुलासाही पाठवा.