एवढं एक वर्ष राहू द्या

तीन वर्षांपूर्वी भायखळ्याला राणीच्या बागेतलं फुलांचं प्रदर्शन बघून येताना मी अंजिराचं रोप घेतलं. मोगरा, जास्वंद कुणीही लावतं. अंजीर म्हणजे बायबलमधलं झाड. ग्रिलमध्ये उभं राहिलं की घरात रोज उपदेश होणार, असा माझा हिशेब.

उपदेश सुरू झाला, पण खालच्या मजल्यावरून. कुंडीला पाणी घातलं की पाचव्या मिनिटाला बेल. काकूंच्या हातात पांढरी चादर आणि चादरीवर शेणखताचा नकाशा. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाचे नऊ गुण दिलेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता... माझी गाडी सहनशीलतेपर्यंत गेलीच नाही, शांतीलाच चादर आडवी आली.

मग पिठ्या ढेकूण आला. पानांमागे कापसासारखे पुंजके, आणि चष्मा जवळ नेला तर त्यावर मुंग्यांची ये-जा. ह्या किड्यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस चाटायला मुंग्या त्यांना चक्क पाळतात, राखण करतात. सकाळी साडेसहाला मी साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक पान उलटं करून घासत होतो. पापही असंच पानामागे बसतं आणि आपणच त्याची राखण करतो, असं एक झकास वाक्य सुचलं. प्रार्थनासभेसाठी पाठही केलं. तेवढ्यात वरच्या कबुतराने मानेवर प्रसाद टाकला. त्याला उद्देशून जे बोललो, ते मात्र कुठल्याच सभेत सांगता येणार नाही.

रेव्हरंड टिळकांनी 1895 साली मुंबईतच बाप्तिस्मा घेतला. त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. फळांचं त्यांनी बहुधा आमच्यावर सोडलं.

योहानाच्या शुभवर्तमानात पिता माळी आहे आणि आपण द्राक्षवेलाचे फाटे. फळ देणारा फाटाही तो छाटतो, आणखी फळ यावं म्हणून. मी कात्री घेतली. अंजिराचा चीक लागून कोपरापर्यंत खाज सुटली, दोन दिवस हात कैलासजीवनात. चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या पास्टरेट कमिटीत फाटे फोडणारे पुष्कळ, पण छाटायला कुणी धजत नाही. का, ते कळलं.

यंदाही फळ नाही. काल संध्याकाळच्या प्रार्थनेत मी मुद्दाम लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढला. तीन वर्षं अंजिराला फळ नाही, तेव्हा मालक माळ्याला म्हणतो, तोडून टाक, उगाच जागा का अडवायची?

"ऐकलंस? शास्त्रातच आहे. उद्या काढतो."

"पुढचं वाचा," बायको म्हणाली.

पुढे माळी म्हणतो, एवढं एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. नंतर फळ आलं की नाही, ते लूकने लिहिलेलं नाही. मला तरी ते फार खटकतं.

"अहो, तुम्हाला कमिटीत किती वर्षं झाली?"

"तीन."

ती काही बोलली नाही. उठली आणि कोपऱ्यातली गांडूळखताची पिशवी माझ्यापुढे आणून ठेवली.